निळ्या वहीतली खोडलेली रीत

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर एका टोकाला मटार सोलले जात होते आणि दुसऱ्या टोकाला कॉलेजचा इतिहास लिहिला जात होता. मटार सासूबाईंकडे, इतिहास सुनेकडे. सून त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, म्हणून पन्नासाव्या वर्षाची स्मरणिका आपसूक तिच्या गळ्यात पडली होती. संस्थापक प्राचार्य म्हणजे तिचे सासरे. त्यांना घरीदारी सगळे 'सर' म्हणत, त्यांची बायकोसुद्धा.

कॉलेजचं सगळं नाव भौतिकशास्त्राच्या एका निळ्या वहीवर उभं होतं. मान्यता नव्हती, पुस्तकं नव्हती, तेव्हा पहिल्या दोन तुकड्या त्या वहीवर शिकल्या. 'सरांनी ती एकट्याने लिहिली,' हे वाक्य सुनेनं आज सकाळी, कुणी न सांगता, लिहून टाकलं होतं.

वही कायम कपाटात कुलूपबंद असायची. आज फोटोसाठी सरांनी ती काढून दिली, तीही एका पानावर खूण घालून. बाकीची पानं खराब झालीत, उघडू नकोस, असं बजावून ते अंघोळीला गेले.

खुणेच्या पानावर नुसती आकृती होती. खराब म्हणजे किती खराब, हे पाहिल्याशिवाय सुनेला चैन पडेना. तिनं पुढची पानं उलटली. एकही फाटलेलं नव्हतं. अक्षर मात्र ओळखीचं निघालं: स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचं.

सर बाहेर आल्यावर तिनं अक्षराबद्दल सहज विचारल्यासारखं विचारलं. सर हसले. आपलं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून हिच्याकडून नक्कल करून घेतली, म्हणाले. सासूबाई टरफलं आवरायला लागल्या. अर्ध्या शेंगा अजून तशाच होत्या.

उत्तर पटण्यासारखं होतं. पण सुनेनं विद्यार्थ्यांच्या शेकडो वह्या तपासल्या होत्या. नक्कल करणारा शब्द गाळतो, एखादी ओळ दोनदा लिहितो. तो विचार बदलत नाही. इथे बाविसाव्या पानावर गणित अर्ध्यात खोडून दुसऱ्याच रीतीनं सोडवलं होतं.

तिनं वही सरांपुढे ठेवली. "सर, पहिली रीत तर छोटी होती. मग खोडली का?"

सरांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "चुकली असेल."

"चुकली नव्हती," सासूबाई टरफलांकडे बघतच म्हणाल्या. "तिच्यात ऊर्जा वापरली होती आणि पोरांचा ऊर्जेचा धडा व्हायचा होता. मी फळ्यावर मांडलं, तर सगळ्यांचे चेहरे कोरे. घरी येऊन खोडलं."

फळ्यावर. सुनेनं खोदून विचारल्यावर बाकीचं हळूहळू बाहेर आलं. दोन वर्षं सासूबाईंनी शिकवलं होतं. मग मान्यता आली, रीतसर जागा निघाल्या, आणि सर म्हणाले, आता माणसं मिळतील, तू घराकडे बघ.

"तेव्हा काळच तसा होता," सर म्हणाले. "आता छापलंत तर लोक मला खोटारडा म्हणतील."

"आणि नाही छापलं तर मला," सून म्हणाली.

"राहू दे गं," सासूबाई पुटपुटल्या. "माझं नाव नको घालूस."

"मी नाहीच घालणार, आई." तिनं लिहिलेला कागद आणि पेन त्यांच्यापुढे सरकवलं. "खोडायचं काय ते तुम्हाला चांगलं कळतं."

सासूबाईंनी हात पुसले. कागद दोनदा वाचला. मग 'सरांनी ती एकट्याने लिहिली' या वाक्यावर बाविसाव्या पानासारखीच एक सरळ रेघ ओढली आणि वर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

अकरा वाजता छापखान्याचा माणूस आला. फोटो कुठल्या पानाचा घ्यायचा, त्यानं सवयीनं सरांना विचारलं.

"बाविसाव्या," सासूबाई म्हणाल्या.