दुसऱ्या नावाने आत

"सर, पिंपळगावचा कॉम्प्युटर इंदिरानगरात बसून चालवता येतो का?"

वर्ग फिसकन हसला. कॉम्प्युटरच्या महेश सरांना हे विचारायची निकिताची हिंमत होणार नाही, अशी शेजारच्या बाकावरच्या सायलीने एका मिसळीची पैज लावली होती. निकिताला मात्र उत्तर खरंच हवं होतं. घर इंदिरानगरात, पण तिचे पप्पा लांब पिंपळगावात एका कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर. द्राक्षांच्या खोल्यांचं तापमान तिथल्याच स्क्रीनवर दिसायचं आणि फोनवर ऐकलेल्या आकड्यांवर पप्पांचा भरवसा नसायचा, म्हणून त्यांना रोज संध्याकाळीही तिकडे जावं लागायचं. शेवटी जूनपासून सगळं बिऱ्हाडच तिकडे हलवायचं ठरत आलं होतं. म्हणजे दहावी नव्या शाळेत!

"तिकडे विंडोज आहे?"

"नाही सर, लिनक्स. घरी विंडोज."

"मग येतो की! तिकडे एक्सआरडीपी नावाचा प्रोग्रॅम टाक, दोन्ही कॉम्प्युटर एका व्हीपीएनवर, म्हणजे खासगी नेटवर्कवर आण आणि घरून विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने आत शिर. तिकडची स्क्रीन तुझ्यासमोर."

सरांनी सगळं लिहूनही दिलं. रविवारी मालकांना विचारून, पप्पांबरोबर जाऊन तिने ते केलं. सोमवारी घरून जोडलं. लॉगिनची खिडकी आली, तिने पासवर्ड घेतला आणि पुढे स्क्रीन काळीमिट्ट. चार वेळा तेच.

"झालं समाधान?" पप्पा म्हणाले. "तिकडचं घर उद्या पक्कं करून टाकतो."

निकिताने सरांना फोन लावला. सरांनी एवढंच विचारलं, "तिकडे त्याच नावाने आधीच कोणी आत बसलंय का?"

बसले होते ना! तिथले ऑपरेटर झुंबरकाका. निकिताने त्यांना फोन लावला.

"काका, जरा लॉगआउट करता का?"

"नाय बा. नऊ वर्सं म्या ते बटण दाबलं नाय. दाबलं का थंडी बंद."

"अहो, थंडी कंप्रेसरची. कॉम्प्युटर नुसते आकडे दाखवतो."

"आसंल. पर आत चाळीस टन माल हे. तू देतीस का लिहून?"

निकिताला हसूच आलं. एका खुर्चीत दोघं कशी मावणार? आणि काकांना उठवायचं तरी कशाला? आपण दुसरी खुर्ची मागायची.

"बरं, तुम्ही बसा तुमच्या नावाने. मला वेगळं नाव काढून द्या. मी सांगते ते टाइप करा."

एकेक अक्षर सांगण्यात वीस मिनिटं गेली. स्पेस म्हणजे सगळ्यात लांब बटण, हे तीनदा सांगून झालं.

"पासवर्ड टाकून राहिलो, पर काहीच उमटंना!"

"उमटत नाहीच ते. तुम्ही दाबत राहा."

नव्या नावाने ती आत गेली. स्क्रीन उजळली. मेनूतून तापमानाचा प्रोग्रॅम उघडला. चार खोल्या, चार आकडे. पप्पांनी चष्मा चढवला आणि फोन हातात घेतला.

"झुंबर, तीन नंबरला किती?"

"शून्य पॉइंट चार, साहेब."

इकडेही ०.४.

पिठाच्या हातांनीच आई बघायला आली. निकिताने खुर्ची वळवली.

"पप्पा, ते घर पक्कं करू नका. आई, तूही ऐक. दहावी मी इथेच करणार. संध्याकाळचे आकडे रोज मी बघीन."