बागेत मेंढरं बसली तेव्हा

जुळे सोलापुरातल्या त्या कॉलनीत बाग होती, असं म्हणायचं ते फाटकावरच्या पाटीच्या भरवशावर. आत घसरगुंडी गंजून लाल झालेली, झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या लोंबत राहिलेल्या आणि बाकी सगळं गुडघाभर रान. "तिकडे साप आहेत," असं सांगून आया मोकळ्या व्हायच्या आणि पोरं पार्किंगमध्ये गाड्यांना धडकत खेळायची.

अंबुबाई मात्र रोज तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून ते रान बघायची. तिचा सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. नवरा गेल्यावर कळप दिराच्या पोराकडे, ज्ञानबाकडे गेला आणि मुलगा जोतीराम आईला सांगोल्याकडच्या गावातून इथं फ्लॅटवर घेऊन आला. एवढा चारा वाया जाताना बघून तिचा जीव तुटायचा. दुपारी डोळा लागला की त्या गवतात तिला मेंढरांच्या पाठी हलताना दिसत, काळ्या, करड्या, पांढऱ्या. डोळे उघडले की नुसता वारा.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. चार वर्षांची नात, संस्कृती, तिच्याजवळ येत नव्हती. आल्या दिवशी अंबुबाईनं हौसेनं पोरीला आपल्या घोंगडीत ओढून घेतलं, तर ती नाक दाबून म्हणाली, "आजी, तुला वास येतो." सगळे हसले. अंबुबाईही हसली. मग तिनं घोंगडी गुंडाळून पलंगाखाली सारली, वासाच्या साबणानं अंग घासघासून धुतलं. पण पोरगी बिचकली ती बिचकलीच. लेकराला काय कळतंय, असं अंबुबाई स्वतःला सांगायची. तरी लागायचं ते लागलंच. शेवटी कुणाला न सांगता तिनं ज्ञानबाला फोन केला.

"दिवाळी झाल्यावर कळप घिऊन हिकडनं जाशील, तवा मलाबी संगं ने. हितं माझं काय काम न्हाय."

त्याच सुमाराला सुनेच्या, रुपालीच्या डोक्यात बागेनं घर केलं. ती बालवाडीत शिकवायची, त्यामुळे पोरांना माती, वाळू आणि लोंबकळायला काहीतरी लागतं एवढं तिला ठाऊक. कॉलनीचे सेक्रेटरी गुरुलिंगकाका यांनी एका ठेकेदाराला विचारलं होतं. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मीटिंग चहा पिऊन संपली होती. रुपाली म्हणाली, "ठेकेदार राहू दे. आपल्या घरांतून काय काय निघतं ते तरी बघू."

मग निघालंच. जुने टायर निघाले, रंगाचे अर्धे डबे निघाले, कुणाच्या तरी बांधकामाची वाळू निघाली. आणि सोलापूरच ते, विरलेल्या चादरींचा तर ढीग लागला. घोडं अडलं ते गवतापाशी.

"मेंढरं बसवा की," अंबुबाई बोलून गेली.

"बसवायची म्हणजे?" गुरुलिंगकाका दचकले. "खुर्च्या लागतील का?"

रुपाली पदर तोंडाला लावून हसली आणि तिनंच काकांना समजावलं. कळप रात्रभर रानात ठेवायचा. तो गवत खातो, त्याच्या लेंड्या पडतात, माती सुधारते. पैसे नाहीत, ज्याचं रान त्यानं मेंढपाळाला धान्य द्यायचं, एवढीच रीत.

"पर ते गाजरगवत आदी उपटा," अंबुबाईनं बजावलं. "जितराबाच्या पोटाला वंगाळ असतंय."

दोन रविवार कॉलनीतल्या बायका हाताला पिशव्या बांधून गाजरगवत उपटत होत्या.

दिवाळी सरली आणि एका संध्याकाळी रस्त्यावरच्या रिक्षा थांबवत कळप आला. घंटा वाजत होत्या, धूळ सोनेरी झाली होती आणि फाटकातून मेंढरं अशी आत शिरली, जशी काही त्यांना ही बाग आधीपासून ठाऊक होती. ज्ञानबानं वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, ताणून बांधलं. घरोघरच्यांनी धान्य आणून दिलं. कुणी ज्वारी, कुणी तूरडाळ, आणि एका घरातून ओट्सचं पाकीट. ज्ञानबानं ते उलटंसुलटं करून बघितलं.

"काकी, ह्ये घोड्याला द्यायचं व्हय?"

अंबुबाई बागेतल्या कडुलिंबाखाली चादरींच्या झोळ्या बांधत होती. मेंढरांमागं हिंडताना तिनं जोतीरामला अशाच झोळीत वाढवलं होतं. गाठ कशी मारायची हे तिच्या बोटांना विचारावं लागत नव्हतं. पोरं झोळ्यांत चढली. खाली मेंढरांच्या पाठी सरकत होत्या, वर झोळ्या हलत होत्या, उजेड विझत चालला होता, आणि दंगेखोर म्हणून नावाजलेली पोरंही गप्प झाली होती. अंबुबाईला वाटलं, दुपारी गॅलरीत आपल्याला पडायचं तेच स्वप्न आज साऱ्या कॉलनीला पडलंय. तिसऱ्या मजल्यावर मात्र संस्कृती गजांमागं आईला चिकटून उभी होती. ती खाली आली नाही.

अंबुबाई वर गेली, पलंगाखालची घोंगडी काढली आणि आधीच बांधून ठेवलेलं गाठोडं उचललं. "आज मी मेंढरांपाशीच निजते," एवढंच तिनं सांगितलं. सकाळी निघते, हे काही तिच्या तोंडून निघेना.

उजाडलं तेव्हा बागेचं अंग दिसत होतं. गवत खाली बसलं होतं, मातीचा ओला, उबदार वास सुटला होता. एका मेंढीनं जाळीतून मान काढून काकांचा मोगराही संपवला होता, पण ते त्यांना अजून कळायचं होतं. अंबुबाई लिंबाला टेकून बसली होती. थंडी होती म्हणून चार दिवसांचं एक कोकरू तिनं घोंगडीत घेतलं होतं.

पावलं वाजली. रुपालीचं बोट धरून संस्कृती आली होती. कोकराचे कान बघून तिला राहवेना. आधी लांबून एक बोट लावलं, मग तळवा, मग दोन्ही गुडघे टेकून तिनं नाक त्याच्या मानेत खुपसलं. लांब श्वास घेतला. मान वर केली तेव्हा डोळे मोठे झाले होते.

"मम्मी! ह्याला आजीचा वास येतो!"

असं ओरडून ती सरळ घोंगडीत शिरली.

अंबुबाई श्वास धरून बसली. हलावं तर हे उडून जाईल, अशी तिला भीती वाटली. पहाटेच उठलेली पोरगी बघता बघता कोकराला कवटाळून झोपली.

कळप निघायची वेळ झाली. ज्ञानबानं हळूच कोकरू सोडवून त्याच्या आईकडं दिलं. झोपेतच संस्कृतीचा हात रिकाम्या जागी चाचपडला, मग आजीचा दंड सापडला. तिनं नाक तिथं टेकवलं आणि पुन्हा संथ श्वास घेऊ लागली.

ज्ञानबा गाठोडं उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ दे ते," अंबुबाई दबक्या आवाजात म्हणाली. "माझी मेंढरं हितंच बसल्यात."