कपाटातले ठिपके

शाळेत पोरांच्या कॉलेजच्या अर्जांचं बघणाऱ्या मिसेस पेल्कींच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या दाराला आतून आलेखाचा एक कागद चिकटवलेला होता. आडव्या रेघेवर शाळेतले गुण, उभ्या रेघेवर प्रवेशपरीक्षेचे. बोस्टनकडच्या त्या मोठ्या विद्यापीठाला इथून ज्यांनी ज्यांनी अर्ज केला, त्यांचा एकेक ठिपका. घेतलं तर हिरवा, नाकारलं तर लाल. नियमाप्रमाणे नावं लिहिलेली नव्हती. पण ज्या शाळेत शेवटच्या वर्गात एकतीस पोरं असतात, तिथं ठिपक्याला नाव लागत नाही.

एलोडी डेगलला सगळे ठिपके पाठ होते. हा बुशारांचा थोरला, हल्ली बटाट्याच्या गोदामात वजनकाट्यावर असतो. ही मरीझ, वृद्धाश्रमात रात्रपाळी करते. हा दूबेंचा, लाकडाचा ट्रक चालवतो. असे आठ लाल. हिरवा एकच, ल्यूक मिशोचा, अकरा वर्षांपूर्वीचा. तो गेला तो गेलाच. आईच्या मयतीला तेवढा आला होता.

"बघून झालं असेल तर दार लाव," मिसेस पेल्की म्हणाल्या. "रोज बघून लालाचा हिरवा होत नाही."

"माझा ठिपका कुठं पडेल ते बघत होते."

"कुठं पडेल ते तुला माहीत आहे. रंग विचार."

रंगाचाच हिशेब एलोडी वर्षभर एका वहीत करत होती. ते विद्यापीठ शंभरातले पाच घेतं. म्हणून पहिल्या पानावर पाच. वर्गात पहिली, म्हणून सात. परीक्षेचे गुण एक ठिपका सोडला तर सगळ्यांच्या वर, म्हणून नऊ. घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, हेही तिकडे धरतात म्हणे, म्हणून अकरा. शंभरात अकरा. त्या अकराच्या जोरावर ती सकाळी उठत होती.

दुसरा रस्ता नव्हता. ते विद्यापीठ गरिबाच्या पोराला आत घेतलं की शिकवणं, राहणं, जेवण, सगळं पदरचं घालतं. बाकीच्या कॉलेजांची पत्रं यायची ती कर्जाच्या कागदांसकट. तिचा बाप रेआल कागदाच्या गिरणीत होता. गिरणीतलं एक यंत्र मागच्या साली बंद झालं, उरलेल्या यंत्रात रेआलच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. तो तक्रार करत नसे. पोरगी वहीत डोकं खुपसून बसली की म्हणायचा, "एलो, एवढं काय गं? नाही झालं तर गोदाम आहेच की."

तो धीर द्यायला म्हणायचा. ती वहीचं पान उलटायची.

सप्टेंबरच्या मध्यावर बटाटा काढायला आला आणि दरवर्षीसारखी शाळा तीन आठवडे बंद झाली. पोरंही शेतात, मास्तरही शेतात. एलोडी काढणीयंत्रावर पट्ट्यापाशी उभी राहून बटाट्यातून येणारे दगड आणि वेली बाजूला काढत होती. शेजारी झानीन नावाची बाई होती. तिचं तोंड हातांपेक्षा जोरात चालायचं.

"ए बोस्टनवाली! तो दगड गेला बघ पुढं!"

"बटाटा होता तो, झानीनकाकू."

"अगं बाई! बटाटा नि दगड कळेना आणि निघाली मोठी बोस्टनला. तिथं ताटात दगड वाढतील तुला, खाशील मुकाट्यानं."

यंत्रावरच्या सगळ्या बाया हसल्या. एलोडीही हसली. इथं चिडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर कुणी जवळ उभं करत नाही.

भरलेला ट्रक गोदामाकडे न्यायला तेरियो सर होते. नॉर्मां तेरियो, शाळेतले गणिताचे एकुलते मास्तर, चौतीस वर्षांपासून. सुगीत ते मेहुण्याचा ट्रक चालवत. एका संध्याकाळी पाऊस लागला, काम थांबलं, तेव्हा त्यांनी खिडकीतून हाक मारली.

"डेगल! चढ वर. घरी सोडतो."

ट्रकमध्ये मातीचा आणि डिझेलचा वास होता. गिरणीच्या चढावर सरांनी गाडी बाजूला घेतली, काचेवरच्या उन्हाच्या झडपेमागून घडी केलेला कागद काढला आणि हात विजारीला पुसले.

"तुझ्या शिफारशीचं पत्र लिहिलं मी. पोराला दाखवू नये म्हणतात. का दाखवू नये? मागं एक नि तोंडावर एक बोलणारा माणूस नाही मी."

त्यांनी चष्मा लावला आणि देवळात वाचावं तसं वाचलं. "एलोडी डेगल चांगली कामकरी आहे. दिलेलं काम पुरं करते. कुरकुर करत नाही. तिचा कुणाला त्रास नाही. मी चौतीस वर्षं शिकवतो आहे आणि माझं नाव खाली लिहितो."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि चष्मा काढून पुसला.

"झालं," ते म्हणाले. "याहून जास्त मी माझ्या सख्ख्या लेकासाठी लिहिलं नसतं."

एलोडीला ते खरं आहे हे माहीत होतं. तिच्या आजोबांच्या मयतीला पाद्री एवढंच म्हणाला होता, की तो चांगला कामकरी होता. तेवढ्यावर मागच्या बाकांवरचे बाप्ये रडले होते. या खोऱ्यात माणसाला याच्या वर पायरी नाही. जो स्वतःची किंवा पोराची याहून जास्त स्तुती करतो, त्याच्याकडे लोक संशयानं बघतात.

पण इंग्रजीच्या मिस हार्लो बोस्टनकडच्याच होत्या. त्यांनी वर्गात सांगितलं होतं, की तिकडे पत्रात लिहितात, असा विद्यार्थी मी आयुष्यात पाहिला नाही. सगळेच तसं लिहितात. वाचणाऱ्याकडे एका अर्जाला दहा मिनिटं नसतात. कोमट पत्र दिसलं की तो समजतो, मास्तरला नाही म्हणायचंय पण म्हणवत नाही.

"आभारी आहे, सर," एलोडी म्हणाली.

"आभार कसले? तू काम केलंस, मी लिहिलं."

रात्री तिनं वही काढली आणि अकरावर रेघ मारली. पुढं काय लिहावं ते मात्र सुचेना. मग तिला ते आठ लाल ठिपके आठवले. पहिल्या नंबराचं पोर पत्रासाठी आधी तेरियो सरांकडे जातं. इथली रीतच आहे.

शाळा उघडल्याच्या दिवशी ती सरळ मिसेस पेल्कींच्या खोलीत गेली. मास्तरांची पत्रं टाइप करून पाठवायचं काम त्यांच्याकडे होतं.

"ल्यूक मिशोचं पत्र कुणी लिहिलं होतं?"

मिसेस पेल्कींनी वर पाहिलं. "त्या साली तेरियोंचं हृदयाचं ऑपरेशन झालं. बदलीवर बाहेरचा एक मास्तर होता. त्यानं लिहिलं. दोन पानं."

"आणि बाकी आठ?"

त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"तुम्हाला माहीत होतं," एलोडी म्हणाली.

"मी नुसती टाइप करते."

"माहीत होतं ना तुम्हाला? इतकी वर्षं?"

"मग काय करू? जाऊन सांगू त्यांना, की पोरांची वाट तुम्ही लावलीत? तू सांग जा. मलाही त्यांनीच शिकवलंय, एलोडी. माझ्या नवऱ्यालाही. माझा बाप गेला तेव्हा कबरीसाठी बर्फ फोडायला पहार घेऊन आलेला पहिला माणूस तो होता."

मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "पत्र अजून इथंच आहे. एक नोव्हेंबरपर्यंत जायचंय. विज्ञानाच्या बाईंकडून दुसरं घे, मी ते पाठवते. पण तेरियोंना कळेल. पत्र पोचल्याची पावती लिहिणाऱ्याच्या नावानं येते. ते ती छापून घेतात आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवतात. आठही पावत्या आहेत त्यात."

एलोडीला तीन दिवस जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती गणिताच्या वर्गात गेली. वाक्य ठरवून गेली होती. सर, तुमचं पत्र मी पाठवत नाही. एवढंच. बाकीचं ते समजून घेतील.

सर फळा पुसत होते. "ये, डेगल. चेहरा का असा? पेल्कीच्या कपाटात डोकावून आलीस वाटतं."

"हो."

"सगळीच जातात. घाबरून येतात. बस. हे बघ." त्यांनी फळ्यावर खडू टेकला. "शंभरातले पाच घेतात. म्हणजे पंचाण्णव जातात. आठ पोरं गेली आणि आठही नाकारली, हे कितीदा होईल? तू कर."

तिनं खडू घेतला. पंचाण्णव शतांश, आठ वेळा गुणून. शंभरात सहासष्ट आलं.

"म्हणजे तीनातून दोनदा," सर म्हणाले. "कुणाचाही दोष नसताना. कळलं? हा आकड्यांचा खेळ आहे, पोरी. आपल्या पोरांत खोट नाही." ते खाली बसले. हातावर सुगीतल्या मातीच्या रेघा अजून होत्या. "खरं सांगू? हे गणित मी पहिल्यांदा केलं ते माझ्यासाठी केलं. मला वाटायचं, माझ्या शिकवण्यातच काही कमी पडतंय. कित्येक महिने झोप नव्हती. मग हे मांडलं, आणि झोप लागली."

गणित बरोबर होतं. हातचा कुठं चुकला नव्हता. ते आठ काही शंभरातले कुठलेही आठ नव्हते, वर्गातले पहिले होते, हे एलोडीला दिसत होतं. पण सहासष्ट हा आकडा फळ्यावर तिच्याच अक्षरात होता.

"काही बोलायचं होतं का तुला?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. पत्र वेळेवर जाईल ना, एवढंच."

"ते पेल्कीला विचार. माझं काम सुगीतच झालं," ते हसून म्हणाले.

पत्र गेलं. पावती आली. डब्यात नववा कागद गेला.

डिसेंबरच्या मध्यावर संध्याकाळी निकाल लागला. रेआल टेबलाशी बसून प्लोयवर, कुट्टूच्या धिरड्यावर, काकवी ओतत होता. एलोडीनं पडद्यावरच्या ओळी एकदा वाचल्या. पहिल्याच ओळीत 'खेद' होता, पुढं वाचायची गरज नव्हती. तिनं संगणक मिटला. बापानं तिच्याकडे पाहिलं, स्वतःच्या ताटातला एक प्लोय उचलून तिच्या ताटात घातला.

"मी सोमवारी गोदामात विचारून ठेवतो," तो म्हणाला. "नुसतं विचारून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा व्हायच्या आधी तेरियो सर शाळेच्या बोळात, तिच्या दप्तराच्या कपाटापाशी उभे होते. टोपी हातात. त्यांना कुणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती, सकाळी सहाला पेट्रोलपंपावर कॉफी प्यायला जाणाऱ्याला या गावात सगळं कळतं.

"पोरी, माझं काही राहिलं का त्या पत्रात?"

पोरं बाजूनं बूट घासत जात होती. आत्ता सांगता आलं असतं. जानेवारीत अजून चार अर्ज जायचे होते, तिचे स्वतःचे, दुसऱ्या कॉलेजांना. पुढल्या वर्षी अर्ज करणारी, अकरावीतली, लव्हासर घराण्यातली एक पोरगी होती, ती तर एलोडीपेक्षाही हुशार. एलोडीनं तोंड उघडलं. सर हातातली टोपी गोल गोल फिरवत होते.

"नाही, सर. आकड्यांचा खेळ आहे."

त्यांनी श्वास सोडला. खूप वेळ धरलेला असावा.

"तेच म्हणतो मी. नऊ वेळा धरलं तरी त्रेसष्ट येतं. केलं मी." त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "तरी पहाटे उठून बसलो. म्हटलं, जानेवारीसाठी हात आखडता घ्यायचा नाही. चौतीस वर्षांत कुणासाठी लिहिलं नाही ते लिहिलंय. गावात दाखवू नकोस, लोक म्हणतील तेरियो म्हातारपणी बहकला."

तिनं कागद उघडला. पत्र तेच होतं, त्याच पाच ओळी. फक्त पहिल्या ओळीत, चांगली या शब्दाआधी, बारीक अक्षरात एक शब्द नव्यानं घातला होता. खूप.

"जास्त झालं का?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर," एलोडी म्हणाली. तिनं कागदाची होती तशीच घडी घातली, आणि घंटा व्हायच्या आत तो मिसेस पेल्कींच्या टेबलावर नेऊन ठेवला. कपाटाचं दार उघडं होतं. मिसेस पेल्की त्याच्याकडे पाठ करून लाल पेनाचं टोपण काढत होत्या.