फिरकीचा तांब्या

गुणाबाईनं फिरकीचा तांब्या दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि ती जहाजाच्या फळीवर थबकली. खाली बंदराचं काळपट पाणी डुचमळत होतं, वर दोरखंडांच्या जाळ्यात तीन डोलकाठ्या उभ्या होत्या आणि मधे पांढऱ्या टोपीतला खलाशी हात आडवा करून उभा होता.

"मावशी, खाणंपिणं वर न्यायचं नाही. तांब्या इथं ठेवा, उतरताना घ्या."

"नुस्तं पाणी हाय."

"तेच म्हणतो. इथं चोहीकडं पाणीच आहे की."

"ते तुमचं. हे आमच्या घरचं हाय."

मागची रांग चुळबुळायला लागली. बसवंत सुताराला बायकोची लाज वाटली आणि रागही आला. शिरूर अनंतपाळहून मुंबईपर्यंत एसटीच्या दीड दिवसाच्या प्रवासात तिनं त्याला या तांब्यातला घोटसुद्धा दिला नव्हता. बार्शीला नळ दाखवला, पुण्याला नळ दाखवला. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली होती, गावात टँकर येईल तेव्हा घरटी दोन घागरी मिळायच्या. त्या घागरी राखता राखता बायको पार चिक्कू झाली, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

"लातूरकडून आलोत साहेब," तो खलाशाला म्हणाला. "दुष्काळ हाय तिकडं. तिच्या हातनं पाणी सुटायचं न्हाई."

खलाशाचं नाव मकसूद. त्यानं गुणाबाईच्या बोटांकडं पाहिलं, मग हात खाली घेतला.

"झाकण उघडायचं नाही बरं का मावशी."

जहाज तसं कोरं करकरीत होतं, पण जुनं दिसावं म्हणून जिवापाड मेहनत घेऊन बांधलेलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या व्यापारी गलबताची हुबेहूब नक्कल, आठ दिवस लोकांना बघायला धक्क्याला लावलेली. माणसं शिडांखाली माना उंचावून फिरत होती, पोरं तोफेच्या तोंडात हात घालत होती. बसवंतला यातलं काही बघायचं नव्हतं. त्याला फक्त चाक बघायचं होतं, कारण ते त्यानं केलेलं होतं.

लातूर जिल्हा गेल्या वर्षी नुकताच वेगळा झालेला. नव्या जिल्ह्याचं नाव कुठं कुठं झळकवू, असं साहेब लोकांना झालं होतं. त्यातल्या एका साहेबानं या जहाजाच्या चाकाचं काम खटपट करून मिळवलं आणि एक चित्र बसवंतच्या हातात ठेवलं. बैलगाडीची शेकडो चाकं केलेल्या बसवंतनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. चाकाला आठ आरे, आणि आठही आरे परिघाच्या बाहेर वीतभर आलेले. असलं चाक रस्त्यानं चालायचं कसं? शिकल्यासवरल्या माणसाची चूक त्यानं मोठ्या मनानं पोटात घातली, आरे परिघाबरोबर कापले आणि रंधा मारून चाक छान गोल केलं. जीप घेऊन आलेले साहेब ते बघून अंगणातच मटकन बसले.

"बसवंतराव, हे हातानं फिरवायचं चाक आहे हो. त्या मुठी होत्या."

दुसरं चाक पंधरा दिवसांत करावं लागलं. जीप दारात भोंगा वाजवत होती तेव्हा कुठं शेवटचा हात फिरला.

त्यांच्या घरातलं चाक पाणी घेतल्याशिवाय अंगणाबाहेर जात नसे. घरच्या बाईनं तांब्याभर पाणी आरे ठोकलेल्या मधल्या तुंब्यावर ओतायचं आणि आऱ्यांवरून निथळू द्यायचं. त्यानं सांधे फुगून घट्ट बसतात, असं बसवंतचा बाप सांगायचा. चाक वाट चुकत नाही, असं आई सांगायची. त्या दिवशीही बसवंतनं आत हाक दिली. घागरीच्या तळाशी तांब्याभरच पाणी उरलेलं, टँकर परवा येणार आणि नात तापानं फणफणलेली. गुणाबाई बाहेर आली नाही. चाक कोरडंच जीपमध्ये चढलं.

त्यावर दोघं पुन्हा बोलले नव्हते. पण सांधे सुटले तर, ही धास्ती बसवंतनं वर्षभर बाळगली होती. जहाज मुंबईला आल्याचं साहेबांनी कळवलं, तेव्हा "चला, बघून येऊ" असं गुणाबाईच आधी म्हणाली होती.

"हे सुकाणूचं चाक," मकसूद आता वर येऊन गर्दीला सांगत होता. "अस्सल सागवानी. कुणा गाडीसुतारानं केलंय म्हणतात. लातूरचा आहे, उस्मानाबाद जिल्ह्यातला."

"लातूरच जिल्हा हाय आता," बसवंत म्हणाला. "अलग झालाय."

"असं होय? मग लातूर जिल्ह्यातला."

तो सुतार मीच, हे बसवंतच्या ओठावर आलं होतं, पण आधी त्याला सांधे बघायचे होते. गर्दी पुढं सरकल्यावर त्यानं चाकाभोवती बांधलेल्या दोरीपलीकडं हात घातला. एकेक आरा अंगठ्यानं रेटून पाहिला. आठवा आरा दोनदा रेटला. एकही हलला नाही. त्यानं तुंब्यावर बोटाचं पेर वाजवलं, आवाज भरीव आला.

"दर्याच्या हवेनं लाकूड फुगलंय गं," तो बायकोला म्हणाला. "लई पक्कं बसलंय. आपण पाणी दिलं न्हाई, तर दर्यानं दिलं बघ."

वर्षाची धास्ती एका क्षणात गेली आणि बसवंतला लहान पोरासारखा आनंद झाला. मकसूद परत येताच त्यानं छाती पुढं काढून सगळं सांगून टाकलं, कापलेल्या मुठींसकट. मकसूद पोट धरून हसला आणि त्यानं चाकाची दोरी सोडली. बसवंतनं दोन मुठी धरून चाक अर्धा फेर फिरवलं. धक्क्याला बांधलेलं जहाज जागचं हललंही नाही, पण त्याचं समाधान झालं.

"चल आता. घसा सुकलाय, खाली नळ बघू."

गुणाबाई जागची हलली नाही. तिनं तांब्याची फिरकी उघडायला सुरुवात केली. चला, शेवटी आली हिला दया, असं समजून बसवंतनं ओंजळ पुढं केली. ओंजळ तशीच राहिली. गुणाबाई त्याला ओलांडून पुढं गेली आणि तिनं तांब्या तुंब्यावर उपडा केला. पाणी आऱ्यांवरून मुठींवर आलं आणि तिथून टपटप फळ्यांवर पडायला लागलं.

"मावशी, झाकण..." मकसूद बोलता बोलता थांबला.

"त्या दिशी घागरीत पाणी होतं," ती नवऱ्याला म्हणाली. "मी न्हाई दिलं."

"नात तापली होती की गं."

"हाव. पर चाक कोरडं चाललंय, ते मला दिसलालतं."

बसवंतनं रिकामी ओंजळ सदऱ्याला पुसली. मकसूद फडकं घेऊन आला होता. त्यानं खालच्या फळ्या पुसल्या, चाकाला हात लावला नाही.

"निथळू दे ते," बसवंत म्हणाला.

फळीवरून उतरताना गुणाबाईनं तांब्या नवऱ्याच्या हातात दिला. दीड दिवसात पहिल्यांदाच तो तिच्या हातून सुटला होता.

"नळ दिसला की भरून घ्या," ती म्हणाली. "पोटभर प्या अन् मग मला द्या."