भीमराजची मूठ

सत्तावन सालच्या पोळ्याला भीमराजचा उजवा हात मोडला, तेव्हा अख्खं गाव बैल सजवून तोरणाखाली उभं होतं. कोणी हूं की चूं केलं नाही. आदल्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता, आणि आल्या दिवशीच त्यानं पिढीजात डफडं चुलीत घातलं होतं. पोळ्याला डफडं वाजवायचं ते त्याच्याच घरानं, अशी वहिवाट. पाटील भगवानरावांचा निरोप आला. भीमराज गेला, पण रिकाम्या हातानं.

"वाजवनार नाई," तो म्हणाला.

दोघांनी त्याचा हात बैलबंडीवर दाबून धरला. भगवानरावांनी बंडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसली आणि मनगटावर तीनदा हाणली. दुसऱ्या घावाला हाड कडाडलं. "घ्या, वाजलं!" पाटील म्हणाले, आणि लोक हसले. घाव एक वेळ भीमराज विसरला असता, ते हसणं विसरला नाही.

फुलसावंगीच्या हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. दोन महिन्यांनी सोडल्या, तर मनगट वाकडं आणि बोटं काठीसारखी ताठ. विळा धरता येईना, कापूस वेचता येईना. दवाखान्यात म्हणाले, हाड तर जुळलं, आता आणखी काय पाहिजे? भीमराजनं नाद सोडला. त्याच्या बायकोनं, सत्यशीलेनं, नाही सोडला. बाजारात, मोटारस्टँडवर, दिसेल त्याला ती विचारायची. शेवटी पांढरकवड्याच्या एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितलं की पुसदला मधुसूदन डॉक्टर आहेत, लढाईत निकामी झालेले शिपायांचे हातपाय त्यांनी पुन्हा कामाला लावलेत.

डॉक्टरांनी ना गोळी दिली ना इंजेक्शन. हात गरम पाण्यात ठेवला आणि एकेक बोट वाकवलं. भीमराज गुरासारखा ओरडला.

"या हातानं जन्मभर काय केलंस?"

"डफडं वाजवलं," सत्यशीला म्हणाली.

"मग रोज तेच वाजव. हाताला ओळखीचं काम लागतं."

भीमराज ताडकन उठला. "ते वाजवत नाई म्हून तं हात मोडून घेतला, डाक्टर!"

डॉक्टर ओशाळले. म्हणाले, "बरं, चामडं नको. डबा बडव. पण बडव. मूठ आधी मिटायला लागेल, उघडायला फार दिवस जातील. तोवर बाई, तुम्ही सोडवायची. करंगळीपासून. एक बोट, शंभर आकडे, मग दुसरं. घाई करायची नाही."

तेव्हापासून भीमराज ताठ बोटांना टिपरू, म्हणजे वाजवायची काठी, बांधून अंगणात घासलेटचा रिकामा डबा बडवू लागला. डॉक्टरांनी पन्नास ठोके सांगितले होते, हा पाचशे मारायचा. प्रत्येक ठोक्याला डब्याच्या जागी त्याला पाटलाचं डोकं दिसायचं. कातडी सोलून टिपरू लाल व्हायचं. आषाढात मूठ मिटू लागली, आणि मिटली की तिच्यातून टिपरू काढायला सत्यशीलेला बसावं लागायचं.

आवाज गावात गेलाच. डफडं म्हणजे पोळा, एवढंच ज्यांना ठाऊक, त्यांना दुसरं काय सुचणार? भीमराज वठणीवर आला, पोळ्याची तालीम करतोय, अशी बातमी पाटलांकडे पोचली. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते स्वतः दोन गडी घेऊन वस्तीत आले आणि कोरं डफडं त्याच्या पायाशी फेकलं.

"शहाना झाला. उद्या दुपारी ये."

"हे माह्या हाताचं औषध होय, पाटील. तुमच्या पोळ्याचं वाजवनं नाई."

"अस्सं? तुहा डावा हात शाबूत आहे अजून."

काठी खाली आली. पहिला तडाखा डाव्या दंडावर बसला. दुसरा बसायच्या आत भीमराजच्या उजव्या हातानं पाटलांचं मनगट पकडलं. इतक्या महिन्यांचा डबा त्या मुठीत होता. नखं मांसात रुतली, रक्त आलं, काठी गळाली. भीमराजनं त्यांना खाली ओढलं आणि छातीवर गुडघा रोवला. गडी धावले, पण दारादारांत विळे घेऊन माणसं उभी राहिलेली पाहून जागच्या जागी थबकले.

"सोड! हाड मोडते माहं! सोड!"

"सुटत नाई, पाटील."

तो खोटं बोलत नव्हता. बोटं खरोखर उघडत नव्हती, आणि उघडत नाहीत याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झाला.

"सत्यशीला, बाई, तू तरी सोडव," पाटील रडत म्हणाले. तिला त्यांनी नावानं हाक मारलेली वस्तीनं याआधी ऐकली नव्हती.

सत्यशीला भाकरी थापत होती. तव्यावरची भाकर तिनं उतरवली, हात धुतले, पदराला पुसले आणि नवऱ्याजवळ येऊन बसली. करंगळी धरली.

"एका बोटाले शंभर आकडे," ती म्हणाली. "डाक्टरनं घाई कराची नाई म्हून सांगतलं."

आणि तिनं एकपासून मोजायला सुरुवात केली. तिला वीसपर्यंतच आकडे येत होते. वीस झाले की ती पुन्हा एकवर यायची.