सहा खणांच्या सहा कडा

खरेदी विभागातून निवृत्त झालेल्या साहेबांनी बत्तीस वर्षांत एक टाचणीसुद्धा आपल्या मनाने निवडली नव्हती. आधी मागणीपत्र, मग तीन दुकानांचे भाव, मग तुलनातक्ता, मग समिती. आणि खाली अशी गिरबटलेली सही, की ती कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. अशा पुण्यवान माणसावर उतारवयात प्रसंग गुदरला: लाकूडकामाची बिटं, म्हणजे यंत्रात बसवायची कोरणारी पाती, एकट्याने निवडायची.

निमित्त थोरल्या ताईचं. ती रविवारी कायमची राहायला येणार होती. नजर अधू झालेली. मागच्या महिन्यात सकाळची गोळी रात्री घेऊन दवाखाना पाहून आलेली. तरी तिची एकच अट होती: माझी औषधं मी माझ्या हाताने घेईन, दर वेळी कुणाला हाक मारणार नाही. साहेबांनी लगेच शब्द दिला, औषधांचं सहा खणांचं कपाट मी स्वतः करतो.

लाकडात खाचा पाडणारं आणि कडा कोरणारं राऊटर यंत्र घरात आलं. पलीकडच्या गल्लीतल्या मिस्त्रीने दोन मिनिटांत सांगून टाकलं, की नवशिक्याला तीन बिटं पुष्कळ झाली: खाचेसाठी सरळ, मागच्या फळीसाठी पायरी पाडणारं आणि कड गोल करायला टोकाशी बेअरिंग असलेलं.

इतक्या सोप्या उत्तरावर साहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी फाईल उघडली. बिटाचा दांडा पाव इंची घ्यावा की अर्धा इंची, यावर चार पानं झाली. यंत्रात पाव इंचीच बसतो, हे बायकोने खोक्यावरून वाचून दाखवल्यावर त्यांनी त्या पानांवर ‘माहितीस्तव सादर’ असं लिहिलं आणि छत्तीस बिटांची पेटीच आणली.

मिस्त्रीने फळ्या कापून दिल्या, साहेबांनी सरळ बिटाने खाचा पाडल्या, खण जुळले. घोडं अडलं ते खणांच्या दर्शनी कडांपाशी. गोल, तिरपी, खोलगट, की लाटेची? त्यांनी बायकोची समिती नेमली. ती म्हणाली, मला भाजी चिरायचीय, कुठलीही करा. ‘अध्यक्षांनी मत राखून ठेवले,’ अशी नोंद झाली.

शनिवारी त्यांनी पहिल्या खणावर गोल कड काढून पाहिली. बरी वाटली, पण तिरपी कदाचित जास्त बरी दिसली असती. म्हणून दुसऱ्यावर तिरपी. मग खोलगट, लाटेची, पायरीची, असं करत करत सहाव्या खणापाशी खण संपले. तिथे साहेब विचारात पडले, यंत्र एका जागी रेंगाळलं आणि कड करपून खरबरीत झाली. बायकोने ताईला दिसावेत म्हणून खणांवर ठळक आकडे रंगवले.

“साहेब,” मिस्त्री म्हणाला, “ही सहा भावंडं एका घरातली वाटत नाहीत.”

रविवारी ताई आली, तेव्हा मिस्त्री कपाट भिंतीला बसवून देत होता. कपाटाशी नाक टेकेपर्यंत वाकली.

“इथे काही लिहिलंय का रे?”

ठळक आकडेही तिला दिसले नव्हते. बायको पदराशी चाळा करू लागली. पण ताईचा हात कडांवरून फिरत होता. एकदा खाली, मग पुन्हा वर.

“हा गोल, सकाळचा ठेवते. तिरपा दुपारचा. ही पायरी रात्रीची. आणि हा खरबरीत डोळ्यांच्या औषधाचा, तेही असंच बोचतं.” डोळे मिटून तिने एकेक खण नेमका उघडला. “कुणाला सुचलं हे?”

बायको पाहत होती, मिस्त्रीही. बत्तीस वर्षांचं तयार उत्तर साहेबांच्या ओठांवर आलं: समितीचा निर्णय. ते त्यांनी गिळलं.

“सुचलं नाही, ताई. मला एक निवडताच आलं नाही.”

“तुझा घोळसुद्धा देवाने कामी लावला बघ,” ताई म्हणाली. जेवणानंतर तिने तिरपी कड चाचपली आणि दुपारची गोळी घेतली. हाक कुणालाच मारली नाही.

साहेबांनी फाईल काढली. ‘निवड झाली नाही. काम झाले.’ खाली त्यांनी सही केली, आणि ती बायकोला स्वयंपाकघराच्या दारातूनही वाचता आली. तिने मात्र उरलेल्या बिटांची पेटी माळ्यावर टाकली.