फोटोतली राणी

एकोडीच्या फाट्यावर मंगरू एसटीतून उतरला तेव्हा त्याला एकच धास्ती होती: रीना ओळखेल का? तो तुरुंगात गेला तेव्हा पोर दहा महिन्यांची होती, आता तिची आठ वर्षं उलटून गेली. निर्दोष सुटल्याचा कागद खिशात होता, पण तो पोरीला दाखवून काय उपयोग?

कापलेल्या धानाचा वास आला आणि त्याला ती मंडई आठवली. दिवाळीनंतरची जत्रा, भर दुपारची दंडार, म्हणजे गावकऱ्यांचं नाचगाण्याचं नाटक. राणी व्हावी तर मंगरूनंच! तुळसाचं, म्हणजे बायकोचं, हिरवं लुगडं नेसून, तोंडाला पांढरा रंग फासून तो ठुमकला की म्हातारेकोतारेही दाद देत. काय दिवस होते ते! त्याच दुपारी शेजारच्या गावात एका दुकानदाराचा खून झाला, आणि जुन्या भांडणापायी कुणीतरी मंगरूचं नाव घेतलं.

अख्खं गाव दंडारीला बसलं होतं. पण वेष चढला की नटाला नावानं ओळखायचं नाही, तो राणीच, असा गावचा रिवाज. ढोलकीवाला सुखराम कोर्टात शपथेवर म्हणाला, "मी त राणीले पायलं, साहेब. मंगरूले नाही. खोटं कायले बोलू?" जळो असला खरेपणा! बायकोच्या सांगण्यावर तर कुणी विश्वासच ठेवला नाही.

सात वर्षांनी नव्या वकिलाला तुळसाच्या घरात मंडईतला फोटो दिसला. मंगरूचा घरातला एकुलता एक. मागे तारखेची पाटी, पुढे राणी, आणि कमरेवरच्या हाताला करंगळी नाही. मंगरूची करंगळी मळणीच्या यंत्रात गेली होती. वरच्या कोर्टाला तेवढं पुरलं. फोटो मात्र कोर्टाच्या फाइलीतच राहिला.

अंगणात त्याला पाहताच तुळसाला रडू फुटलं. रीना तिच्यामागे लपली.

"बाबा होय तुहा," तुळसा म्हणाली.

"नाही. माहा बाबा फोटोतला. तो त लुगडं नेसते."

मंगरूनं दोरीवर वाळत घातलेलं लुगडं ओढलं, पदर डोक्यावर घेतला आणि अधू हात कमरेवर ठेवून उभा राहिला. पांढरी दाढी, वर पदर! शेजारची शकुनबाई हसता हसता डोळे पुसू लागली.

रीना हळूहळू पुढे आली. तिनं त्या हाताची बोटं एकेक करून मोजली. चारच.

"एवढा टाइम काहून लावला, बाबा?"